विहीर, बोअर, टाकीचं पाणी सरकारी लॅबमधून तपासून घ्यायचंय? मग जायच्या आधी हे वाचा

शहराच्या कडेला ज्या नव्या सोसायट्या उभ्या राहतायत तिथं पाण्याचा एक घोळ असतोच असतो. ग्रामपंचायतीचं थोडं, बोअरचं थोडं, उन्हाळ्यात टँकरचं, आणि हे सगळं एकाच टाकीत पडतं, मग ते प्यायचं का नाही हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गुइलेन बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाणारा नसांचा आजार) पेशंट एकदम वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, पाण्याकडं बोट गेलं, आणि त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न, पाणी तपासायचं कुठं?

तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी लॅब असते आणि ती तुमच्या आमच्या सारख्यांचं पाणी पण तपासते. पण तिथं जाऊन हात हलवत परत येणारे खूप. कुणाची बाटली चुकीची, कुणाचा वार चुकीचा, कुणी तर भलत्याच ऑफिसात. सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळं हे काम दरवर्षी माझ्याकडंच येतं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. हे महाराष्ट्रापुरतं आहे, बाकी राज्यांत ऑफिसांची नावं वेगळी असतात, बाटली भरायची पद्धत मात्र सगळीकडं तीच.

१. आधी योग्य दार शोधा

पहिला घोळ इथंच होतो. सरकारी लॅब म्हटलं की लोकांना सिव्हिल हॉस्पिटलची रक्त-लघवीची लॅब आठवते. ती वेगळी. आरोग्य केंद्रात रक्त घेऊन महालॅबकडं पाठवतात ते पण वेगळं. आपल्याला पाहिजे ती सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, तिथं माणसाचं नाही तर तो जे पितो-खातो त्याचं सॅम्पल तपासतात, म्हणजे पाणी, खाद्यपदार्थ, आयोडीनचं मीठ, आणि पाण्यात टाकायची टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. राज्याची मुख्य लॅब पुण्यात आहे आणि जिल्ह्याला जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा.

दुसरं दार म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, लोक जीएसडीए नाहीतर नुसतं भूजल म्हणतात. त्यांची जिल्ह्याला लॅब असते आणि काही तालुक्यांच्या ठिकाणी उपविभागीय लॅब पण असते. विहीर, बोअर, हातपंप असलं जमिनीखालचं पाणी असेल तर बरेचदा हेच जवळ पडतं. महापालिकेच्या हद्दीत राहत असाल आणि पालिकेच्याच नळाची तक्रार असेल तर आधी वॉर्ड ऑफिसच्या पाणीपुरवठा विभागात सांगा, ते स्वतः येऊन सॅम्पल नेतात, तुम्हाला बाटल्या घेऊन फिरायची गरज नाही.

आणि गावात राहत असाल तर सगळ्यात आधी ग्रामपंचायत. तिथं जलसुरक्षक म्हणून एक माणूस असतो, सार्वजनिक विहिरीचं, टाकीचं पाणी लॅबला पाठवणं हे त्याचंच काम आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना फील्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग द्यायचं ठरलंय, तुमच्या गावात ते झालं असेल तर आशाताईंना विचारा, बरेचदा त्यांनाच माहीत असतं किट कुणाच्या घरी आहे ते. किटचा रिपोर्ट म्हणजे लॅबचा रिपोर्ट नव्हे, पण काहीतरी गडबड आहे एवढं तर कळतं. त्यात एक छोटी बाटली असते, पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं की समजायचं मैलापाणी मिसळतंय.

जायच्या आधी फोन करा. फोन उचलला नाही तर दुपारी जेवणानंतर परत करा. तीन गोष्टी विचारायच्या: खाजगी सॅम्पल घेता का, कुठल्या वारी घेता, आणि निर्जंतुक बाटली तुमच्याकडून मिळेल का. रसायनं संपलीत म्हणून ठराविक टेस्ट बंद आहे असं पण कधी कधी असतं, ते फोनवरच कळलेलं बरं.

२. काय तपासून हवंय ते स्वतःला माहीत पाहिजे

काउंटरवर जाऊन "पाणी चेक करायचंय" म्हणालात की समोरून पहिला प्रश्न येतो, जैविक का रासायनिक? या दोन पूर्ण वेगळ्या टेस्ट आहेत, बाटली वेगळी, फी वेगळी, रिपोर्ट यायचा वेळ वेगळा, आणि एकाचा रिपोर्ट चांगला आला म्हणून दुसऱ्याचा चांगला येईल असं अजिबात नाही.

जैविक, म्हणजे लॅबवाले ज्याला जीवाणू तपासणी म्हणतात, त्यात बघतात की पाण्यात कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे जंतू आहेत का. ई. कोलाय माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहतो, तो पाण्यात सापडला की कुठूनतरी विष्ठा मिसळतेय हे नक्की. जुलाब, गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉईड हे सगळं त्याच वाटेनं येतं. रासायनिकमध्ये पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह वगैरे.

घरात कुणाचं पोट सारखं बिघडतंय, पावसाळ्यात पाणी गढूळ येतंय, ड्रेनेजची लाईन जवळून गेलीय, तर जैविक करा. नवी बोअर मारलीय, पाणी खारट लागतंय, गीझरवर पांढरा थर बसतोय, तर रासायनिक. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवटकडच्या भागात असाल तर फ्लोराईड न विसरता लिहून द्या, तिथं बोअरच्या पाण्यात ते जास्त सापडतं आणि चवीला काहीच कळत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात टीडीएस आणि क्लोराईड बघाच. आजूबाजूला ऊस, केळी, भाजीपाला आणि भरपूर खत असेल तर नायट्रेट. पहिल्यांदाच करत असाल तर दोन्ही करून टाका, परत परत चकरा कोण मारणार.

इथं एक सावधगिरी. आरओ विकणारा माणूस घरी येतो, टीडीएसचा पेन पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो, मग दोन ग्लासात एक यंत्र घालतो आणि तुमच्या नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, गाळासारखं होतं, आरओचं मात्र स्वच्छच राहतं, आणि घरातले लोक घाबरून तिथंच चेक फाडतात. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतोच. त्या यंत्राच्या लोखंडी सळ्या विजेनं गंजून पाण्यात उतरतात, आणि आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज नीट वाहत नाही, त्यामुळं तिथं काही होत नाही. टीडीएसचा पेन पण खोटा नाही, पण तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतूंबद्दल एक अक्षर सांगत नाही. टीडीएस ९० असलेलं पाणी पिऊन पण कावीळ होऊ शकते. त्यामुळं आधी लॅबचा रिपोर्ट, मग मशीन घ्यायचं का आणि कुठलं ते.

३. बाटल्या

जैविकसाठी निर्जंतुक केलेली बाटली लागते, २०० ते २५० मिलीची, आणि ती लॅबमधूनच घ्या. झाकणावर ब्राऊन पेपर नाहीतर फॉईल बांधलेली असते. आत तळाला थोडी पावडर किंवा एकदोन थेंब दिसले तर घाण आहे म्हणून धुवायला जाऊ नका, ते सोडियम थायोसल्फेट आहे आणि मुद्दाम घातलेलं असतं. पाण्यात क्लोरीन असला तर तो बाटलीत पण जंतू मारत राहतो, लॅबला पोचेपर्यंत पाणी आपोआप स्वच्छ होऊन बसतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. थायोसल्फेट त्या क्लोरीनला तिथल्या तिथं थांबवतं.

म्हणून घरची बरणी उकळून नेली तर लॅबवाले नाक मुरडतात ते उगाच नाही. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन गेले होते, काउंटरवरच्या ताईंनी बाटली हातात पण घेतली नाही, आणि बरोबर केलं.

रासायनिकला एवढे लाड नाहीत. स्वच्छ प्लास्टिकचा कॅन, एक ते दोन लिटरचा, नवा असेल तर उत्तम. तेलाचा, फिनेलचा, सरबताचा जुना कॅन कितीही घासला तरी नको. साबणाने धुवू नका, ज्या पाण्याचं सॅम्पल घ्यायचंय त्याच पाण्याने दोन तीनदा खळखळून घ्या.

४. कागदपत्रं आणि सामान

साध्या कागदावर अर्ज, लॅबप्रमुखांच्या नावे. काही ठिकाणी छापील फॉर्म असतो, तो तिथंच मिळतो. अर्जात हे सगळं हवं:

- नाव, पत्ता, मोबाईल नंबर
- पाणी कशाचं: विहीर, बोअर, नळ, टाकी, टँकर
- जागा, गाव, तालुका
- सॅम्पल घेतल्याची तारीख आणि वेळ, वेळ विसरू नका
- कुणी घेतलं
- पाण्यात टीसीएल किंवा औषध टाकलंय का, टाकलं असेल तर कधी
- कशासाठी रिपोर्ट हवाय

आधार कार्डाची झेरॉक्स ठेवा. सोसायटी असेल तर लेटरहेडवर सेक्रेटरीची सही आणि शिक्का. फी रोख न्या आणि सुट्टे न्या, ऑनलाईन घेतातच असं नाही. सरकारी फी खाजगी लॅबच्या मानानं बरीच कमी असते, दरपत्रक बोर्डावर लावलेलं असतं, पावती मागून घ्या कारण रिपोर्ट घेताना तीच दाखवायची असते. ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक स्रोताचं सॅम्पल पंचायतीमार्फतच जाऊ द्या, ते त्यांच्या ठरलेल्या तपासणीत बसतं.

सामानात बर्फाचा डबा, कापूस आणि स्पिरिट, काडेपेटी, मार्कर, सेलोटेप. विहीर असेल तर स्वच्छ नवी दोरी आणि एक धुतलेला दगड.

कागदपत्रांतला मोठा सापळा "कशासाठी" यात आहे. हॉटेलचं, खानावळीचं फूड लायसन्स, बँकेचं लोन, शाळेची मान्यता असल्या कामाला रिपोर्ट लागत असेल तर जिथं तो जमा करायचाय तिथं आधी विचारा की कुठल्या लॅबचा चालतो, काही ठिकाणी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्याच लॅबचा मागतात. आणि सॅम्पल तुम्ही नेऊन दिलं तर तसं रिपोर्टवर लिहिलेलं असतं. म्हणजे लॅब फक्त त्या बाटलीतल्या पाण्याची खात्री देते, ते पाणी कुठून आलं त्याची नाही. बिल्डरशी नाहीतर टँकरवाल्याशी भांडण असेल तर असा रिपोर्ट समोरचा एका मिनिटात उडवून लावतो, तिथं आरोग्य सेवकाच्या किंवा लॅबच्या माणसाच्या हातूनच सॅम्पल घ्यायला लावा.

५. कुठल्या नळाचं पाणी घ्यायचं

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात डोकं इथंच लावायचं असतं आणि नेमकं इथंच कुणी लावत नाही. लोक किचनच्या फिल्टरचं पाणी भरतात आणि रिपोर्ट चांगला आला की खुश. तो फिल्टरचा रिपोर्ट झाला, पाण्याचा नाही.

सोसायटी असेल तर किमान तीन बाटल्या घ्या. एक थेट बोअरच्या तोंडाशी, टाकीत पडायच्या आधी. दुसरी गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या पाईपची. तिसरी टाकीपासून सगळ्यात लांबच्या फ्लॅटमधल्या नळाची, फिल्टरच्या आधीची. बोअरचं चांगलं आणि टाकीनंतरचं खराब, तर दोष टाकीत, झाकण उघडं असेल, कबुतरं असतील, कधी धुतलीच नसेल. टाकीचं चांगलं आणि लांबच्या नळाचं खराब, तर मधली लाईन कुठंतरी फुटून ड्रेनेजला भिडलीय. बोअरच खराब, तर विषय मोठा आहे, सेप्टिक टँक किती लांब आहे ते बघायला लागतं, पिण्याच्या विहिरीपासून असल्या गोष्टी निदान १५ मीटर म्हणजे साधारण ५० फूट लांब पाहिजेत असं पुस्तकात असतं आणि गुंठेवारीच्या प्लॉटात ते कुठं जमणार हा प्रश्नच आहे. मुरमाड किंवा भेगाळ खडकात तर ५० फूट पण पुरतीलच असं नाही. तीन बाटल्यांची फी जास्त पडते म्हणून कमिटीत कुरकुर होते, होऊ द्या, एका बाटलीचा रिपोर्ट "अयोग्य" आला तर पुढं काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही आणि मग शेवटी परत तीनच बाटल्या भराव्या लागतात.

टँकरचं पाणी तपासायचं तर टँकरच्या नळाशी, टाकीत ओतल्यावर नाही.

६. बाटली भरणं

आधी रासायनिकचा कॅन सांगतो कारण तो सोपा. बोअरची मोटर पाच दहा मिनिटं चालू द्या म्हणजे पाईपमधलं साचलेलं जाऊन आतलं ताजं येतं, हातपंप असेल तर पाचेक मिनिटं हापसा. कॅन खळखळून घ्या, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. झालं.

जैविकला मात्र हात सांभाळून. साबणाने हात धुवा, नळाला लावलेली जाळी, रबरी पाईप, फिल्टर काढा, नळाचं तोंड पुसा. नळ पितळी किंवा स्टीलचा असेल तर स्पिरिटचा बोळा पेटवून तोंडाशी धरा, प्लास्टिकचा असेल तर पेटवू नका, वितळतो, नुसत्या स्पिरिटने पुसून घ्या आणि उडून जाऊ द्या. मग नळ सोडून दोन तीन मिनिटं पाणी वाहू द्या, नंतर धार बारीक करा. आता बाटली उघडा, त्याआधी अजिबात नाही. झाकण हातातच धरायचं, तोंड खाली करून, ओट्यावर ठेवायचं नाही. बाटलीच्या काठाला, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, त्यावर बोलायचं-खोकायचं नाही. बाटली खळखळायची नाही, थायोसल्फेट वाहून जाईल. काठोकाठ पण भरायची नाही, वर इंचभर जागा सोडा, कारण लॅबमध्ये ती हलवून मिसळायची असते. झाकण, कागद, दोरा परत होता तसा बांधा.

विहिरीला बादलीने काढलेलं पाणी चालत नाही, बादली आणि दोर सगळ्या गावाच्या हाताखालून गेलेला असतो. बाटलीच्या तळाला धुतलेला दगड बांधून दोरीने सोडा, कडेच्या भिंतीला घासू देऊ नका, वरच्या तवंगाच्या फूटभर खाली जाऊ द्या, बुडबुडे थांबले की ओढून घ्या.

क्लोरीन किती उरलाय ते मात्र जागेवरच बघायचं, बाटलीतून नेलं तर वाटेत उडून जातो. गावात ज्याला ओटी टेस्ट म्हणतात ती हीच, थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. लाईनच्या शेवटच्या घरी निदान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, दिसला पाहिजे. ते ओटीचं पाणी तोंडात घालू नका आणि त्वचेवर पण सांडू देऊ नका, ते रसायन चांगलं नाही, टेस्ट झाली की ओतून द्या.

नंबर, जागा, तारीख, वेळ हे बाटलीवर लिहा आणि वरून सेलोटेप मारा, बर्फात शाई पसरते. झाकणावर लिहू नका, लॅबमध्ये झाकणं निघाली की सगळी सारखीच.

७. लॅबला पोचवणं

जैविक सॅम्पल सहा तासांत पोचलं तर उत्तम. बर्फात असेल तर २४ तासांपर्यंत चालतं, त्याच्या पुढं नाही. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात उभी ठेवा, बर्फ वितळून झाकणापर्यंत पाणी येऊ नये. डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका. गाडीच्या डिकीत उन्हात तर नकोच नको.

वार बघा. राज्य सरकारची ऑफिसं २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, शनिवार-रविवार बंद. जैविक टेस्टमध्ये पाणी खास रसात घालून ३७ अंशाला ठेवतात, ४८ तासांपर्यंत बघतात, गॅस झाला की मग पुढची खात्रीची टेस्ट. म्हणजे शुक्रवारी दिलेलं सॅम्पल ऐन रविवारी बघायची वेळ येते, म्हणून बऱ्याच लॅब गुरुवार-शुक्रवारी जैविक घेतच नाहीत. सोमवार मंगळवार सकाळ पकडा. पहाटे भरा आणि ऑफिस उघडताना दारात उभे रहा, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर गेलात तर तासभर बाटली मांडीवर घेऊन बसावं लागेल. पुढं सण-सुट्टी आहे का ते पण कॅलेंडरात बघून घ्या.

८. रिपोर्ट वाचणं

खाली शेरा असतो, पिण्यास योग्य किंवा अयोग्य. बहुतेक लोक तेवढंच वाचतात. वरचे आकडे पण वाचा. मापदंड भारतीय मानक १०५०० चा असतो, २०१२ सालचा, आणि त्यात बऱ्याच गोष्टींना दोन मर्यादा असतात, एक चांगली आणि दुसरी, जवळपास दुसरं पाणीच नसेल तर चालवून घेण्याची.

टीडीएस ५०० पर्यंत चांगला, २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणा २०० आणि ६००. क्लोराईड २५० आणि १०००. फ्लोराईड १ आणि १.५. हे सगळे मिलिग्रॅम दर लिटरला. पीएच ६.५ ते ८.५ च्या मध्ये. नायट्रेटला मात्र सूट नाही, ४५ म्हणजे ४५. आणि ई. कोलाय १०० मिलीमध्ये एकही नको, इथं "थोडंसंच आहे" असं काही नसतं.

कठीणपणा ४०० आला म्हणून रडत बसू नका, डाळ शिजायला वेळ लागेल, गीझर खराब होईल, तब्येतीची त्यात मोठी भानगड नाही. फ्लोराईड १.५ च्या वर असेल तर गंभीर घ्या, लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं-सांधे धरतात. नायट्रेट जास्त असेल आणि घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याचं वरचं दूध त्या पाण्यात कालवू नका, बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते.

आणि आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज, उकळलं की झालं. उकळून जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराईड, क्षार कुठंही जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. तुरटीचं पण तसंच, तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी दिसायला छान होतं, पण तेवढ्यावर ते पिण्याजोगं झालं असं समजू नका.

९. अयोग्य आला तर

जैविक अयोग्य असेल तर त्याच दिवसापासून पिण्याचं पाणी उकळून घ्या, खळखळून उकळी येऊ द्या, किंवा आरोग्य केंद्रातून मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) आणा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब टाका. मग टाकी रिकामी करून घासून धुवा आणि विहीर असेल तर टीसीएल.

टीसीएल अंदाजे मूठभर टाकायची पद्धत सोडा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा, ४ ने भागा, हजाराने गुणा, झाले लिटर. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर, तर साधारण २८ हजार लिटर. दर हजार लिटरला चांगली पावडर निदान २.५ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, तळाला चुना बसतो तो तिथंच राहू द्या आणि वरचं निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा, बादली खालीवर करून ढवळा. चुना विहिरीत ओतला तर पाणी आणखी कठीण होतं. तासाभराने ओटी करा, ०.५ पीपीएम दिसला पाहिजे, नाही दिसला तर आणखी घाला. रात्री केलं तर सकाळपर्यंत कुणी पाणी उपसत नाही, ते बरं पडतं.

पावडर ताजी पाहिजे. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पोतं उघडं ठेवलं, ओल लागली की तो उडतो आणि हातात नुसता चुना राहतो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातलं गेल्या पावसाळ्यातलं पोतं असेल तर त्याचंच सॅम्पल आरोग्य लॅबला पाठवा, क्लोरीन किती टक्के उरलाय ते काढून देतात.

टीसीएल टाकल्या टाकल्या लगेच सॅम्पल परत देऊ नका, क्लोरीनमुळं ते चांगलंच येणार. काही दिवस जाऊ द्या, क्लोरीन उतरला की मग द्या. परत ई. कोलाय आला तर मात्र पावडर टाकत बसण्यात अर्थ नाही, घाण कुठून येतेय ते शोधायला लागेल, प्लंबर बोलवा, ड्रेनेजच्या चेंबरात रंग सोडून बघा.

रासायनिक अयोग्य असेल तर टीसीएलचा काही उपयोग नाही. खारट, फ्लोराईडवाल्या, नायट्रेटवाल्या पाण्याला आरओ लागतो किंवा पिण्यापुरता दुसरा स्रोत. आंघोळ-भांड्याला तेच वापरा, फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला वेगळं ठेवा.

एक गोष्ट वेगळी सांगतो. गल्लीत एकदम पाच सहा घरांत जुलाब किंवा कावीळ चालू झाली असेल तर सॅम्पल, अर्ज, पावती यात वेळ घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सरळ कळवा. साथ म्हटल्यावर त्यांची टीम येते, पाण्याचे आणि पेशंटचे नमुने तेच घेतात आणि लॅबला तेच पाठवतात.

१०. पाणी सोडून बाकीचं

दूध, तेल, मिठाई, खवा यात भेसळीचा संशय असेल तर अन्न आणि औषध प्रशासनाकडं तक्रार करायची, त्यांचे अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात. पण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे, गिऱ्हाईक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेताना दुकानदाराला सांगायचं की हे मी तपासायला नेतोय. हे बहुतेकांना जड जातं, ओळखीचा दुकानदार असतो. माल खराब निघाला तर भरलेली फी परत मिळायची तरतूद आहे, आणि विश्लेषकाने रिपोर्ट १४ दिवसांत द्यायचा असतो. सील केलेलं, न उघडलेलं पाकीट न्या आणि बिल जपून ठेवा.

मिठाचं आयोडीन पण तपासतात, घरापर्यंत पोचलेल्या मिठात निदान १५ पीपीएम पाहिजे. एकट्या घरासाठी कुणी करत नाही हे, पण शाळेच्या पोषण आहाराचं सामान बघणारे असाल तर करून घ्या.

११. परत कधी

जैविक वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. रासायनिक वर्षातून एकदा पुरतं, शक्यतो उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी खोल गेल्यावर क्षार सगळ्यात जास्त दिसतात. बोअर खोल केली, नवी लाईन टाकली, पूर येऊन गेला, शेजारी नवा सेप्टिक टँक खणला तर वेळापत्रक सोडून परत करा. जुने रिपोर्ट फाईलला लावा, नायट्रेट तीन वर्षांत १५ वरून ३५ वर गेलाय हे एका रिपोर्टात दिसत नाही, तो तर योग्यच म्हणतो.

गावात असाल तर ग्रामसभेत आपल्या पंचायतीला कुठलं कार्ड मिळालंय ते विचारा. वर्षातून दोनदा आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची आणि आजूबाजूच्या स्वच्छतेची पाहणी करून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो, सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. लाल किंवा पिवळं असेल तर पाहणीचा कागद वाचायला मागा, कुठल्या विहिरीचा कठडा फुटलाय आणि कुठली लाईन गटारातून गेलीय हे त्यात विहिरीगणिक लिहिलेलं असतं, दुरुस्तीची यादी वेगळी करायची गरजच पडत नाही.